अखेरच्या प्रवासातील सोबत : अंत्यकालीन शुश्रूषा आणि शोकाकुल कुटुंबाचा आधार

वाराणसीतील मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे यांचे १८२७ मध्ये निधन झाल्यावर राज्याची सूत्रे हाती घेणाऱ्या त्यांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. बायजाबाई मूळच्या कोल्हापूरजवळील कागलच्या घाटगे घराण्यातील होत्या. दगडी बांधकामाचे वजन न पेलल्यामुळे घाटाचा भाग खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. पायथ्याशी एका बाजूला कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही पाहावयास मिळते. काही अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, तर मणिकर्णिकेच्या उभारणीशी अहल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. मराठी माणसाचे काशीशी असलेले नाते किती जुने आहे, हे या घाटांवरून ध्यानात येते.

या नात्याचा एक महत्त्वाचा धागा म्हणजे ‘काशीवास’. आयुष्याच्या उत्तरार्धात काशीत जाऊन राहावे आणि तेथेच देह ठेवावा, ही इच्छा अनेक पिढ्यांनी बाळगली. शिंदे घाटाशेजारी मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता जळत असतात. मृत्यू येथे पडद्याआड लपविलेला नाही. याउलट आधुनिक नागरी जीवनात तो घरातून रुग्णालयात आणि रुग्णालयातून अतिदक्षता विभागात गेला. परिणामी दोन प्रश्न तीव्र झाले आहेत. बरा न होणारा आजार जडलेल्या माणसाचे अखेरचे दिवस वेदनारहित व सन्मानाने कसे जावेत? आणि त्याच्या पश्चात उरलेल्या कुटुंबाला कोणी व कसे सावरावे? आरोग्य, समाजकल्याण, कायदा आणि स्थानिक प्रशासन या चारही क्षेत्रांना स्पर्श करणाऱ्या या प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

काशीतील मुक्तिभवनांची परंपरा

काशीत मृत्यूची वाट पाहणाऱ्यांसाठी निवासाची सोय करणाऱ्या संस्था विसाव्या शतकात उभ्या राहिल्या. अस्सी भागातील मुमुक्षु भवन हे दीर्घकाळ काशीवास करणाऱ्यांसाठी, तर दालमिया कुटुंबाच्या न्यासाने १९५८ मध्ये सुरू केलेले काशी लाभ मुक्ती भवन हे मृत्यू अगदी समीप आलेल्यांसाठी ओळखले जाते. मुक्ती भवनात रुग्णासोबत कुटुंबीयांनी राहणे अपेक्षित असते. साधी खोली, भजन-कीर्तन, गंगाजल व तुळस, आणि साधारणपणे दोन आठवड्यांची मुदत, असा तेथील परिपाठ राहिला आहे. कॅनेडियन अभ्यासक ख्रिस्तोफर जस्टिस यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या परंपरेचा तपशीलवार अभ्यास केला. २०१६ मध्ये शुभाशिष भुटियानी यांच्या ‘मुक्ती भवन’ या हिंदी चित्रपटामुळे ती सर्वदूर पोहोचली.

या व्यवस्थेची बलस्थाने स्पष्ट आहेत. मरणारी व्यक्ती एकटी नसते. कुटुंबाला निरोप घेण्यास अवधी मिळतो. मृत्यूविषयी उघडपणे बोलले जाते. मात्र तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. येथे वैद्यकीय उपचार दिले जात नाहीत, किंबहुना ते न देणे हेच या संस्थेच्या मूळ कल्पनेला धरून आहे. कर्करोगाची असह्य वेदना, श्वास लागणे, जखमा चिघळणे किंवा सततची उलटी यांवर केवळ श्रद्धेने उतारा पडत नाही. परंपरेने दिलेली सोबत आणि वैद्यकशास्त्राने दिलेले वेदनाशमन यांची सांगड घालणे हे आजचे खरे आव्हान आहे.

हॉस्पिस व परिहार सेवा : संकल्पना

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा प्रारंभ लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये या संस्थेची स्थापना केली. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर या तिन्ही भूमिकांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. रुग्णाची वेदना केवळ शारीरिक नसते. तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अंगेही असतात, हा ‘समग्र वेदने’चा विचार त्यांनी मांडला. पुढे १९७० च्या दशकात कॅनडातील डॉ. बाल्फोर माउंट यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला परिहार सेवा किंवा उपशामक शुश्रूषा असे म्हटले जाते.

या दोन संज्ञांतील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घेणे आवश्यक आहे. परिहार सेवा ही गंभीर आजाराचे निदान झाल्यापासूनच, मूळ उपचारांच्या जोडीने देता येते. कर्करोगाबरोबरच हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसाचे जुनाट विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा आजारांतही तिची गरज असते. हॉस्पिस सेवा हा तिचाच अखेरचा टप्पा होय. आजार बरा करण्याचे उपचार निरर्थक ठरल्यावर उरलेले आयुष्य सुखावह करणे हा तिचा हेतू असतो. हॉस्पिस ही केवळ इमारत नव्हे. घरी, रुग्णालयात किंवा स्वतंत्र केंद्रात, कोठेही ती सेवा देता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये केलेल्या व्याख्येत रुग्णाइतकेच कुटुंबालाही स्थान दिले आहे. आजारपणाच्या काळात आणि मृत्यूनंतरच्या शोककाळातही कुटुंबाला आधार देणे हा या सेवेचा भाग मानला आहे. तसेच ही सेवा मृत्यू घाईने आणत नाही आणि तो विनाकारण लांबवीतही नाही, हे तत्त्व त्या व्याख्येत अंतर्भूत आहे. संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना परिहार सेवेची गरज भासते, परंतु ती प्रत्यक्षात मिळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के इतकेच आहे.

भारतातील वाटचाल

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत सुरू झाले. डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ स्थापन झाले. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला संस्थेचे परिहार सेवा व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे रुग्णासोबत नातेवाइकालाही ठेवून घेऊन शुश्रूषेचे शिक्षण दिले जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग असून पदव्युत्तर शिक्षणही उपलब्ध आहे. भारतीय परिहार सेवा संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली.

तथापि, ही सेवा सर्वसामान्यांच्या दारापर्यंत नेण्याचे श्रेय केरळकडे जाते. १९९३ मध्ये कोझिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व परिहार सेवा संस्था सुरू केली. त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालविलेले स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. गावातील शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, रिक्षाचालक अशा सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देण्यात आले. ते आपल्या परिसरातील रुग्ण शोधतात, घरी भेट देतात आणि परिचारिकेला माहिती पुरवितात. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामाची जबाबदारी दिली. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या मृत्यूविषयक आयोगानेही २०२२ मधील आपल्या अहवालात केरळच्या अनुभवाची विशेष दखल घेतली.

केंद्र शासनाने २०१२ मध्ये राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेचा समावेश झाला. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य व कल्याण केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व परिहार सेवा समाविष्ट आहे. ही केंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात. वाराणसीतही टाटा स्मारक केंद्राच्या व्यवस्थापनाखाली २०१८ मध्ये होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि २०१९ मध्ये महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र कार्यरत झाले. ज्या नगरीत लोक शतकानुशतके अखेरच्या दिवसांसाठी येत राहिले, त्याच नगरीत आता आधुनिक कर्करोगोपचारही उपलब्ध आहेत. असे असले तरी देशपातळीवरील चित्र समाधानकारक नाही. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मृत्यूच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात ८० देशांमध्ये भारताचा क्रमांक ६७ वा होता.

वेदनाशमन आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी त्रिस्तरीय उपचारपद्धती सुचविली. सौम्य वेदनेसाठी साधी वेदनाशामके, मध्यम वेदनेसाठी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन, असे हे तीन स्तर आहेत. तोंडावाटे द्यावयाचे मॉर्फिन स्वस्त असून प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घरीही घेता येते.

येथे एक विसंगती नजरेत भरते. वैद्यकीय उपयोगासाठी कायदेशीररीत्या अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारत अग्रगण्य आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने ही लागवड होते. अफूवर प्रक्रिया करणारे शासकीय कारखाने दोन ठिकाणी आहेत. एक गंगाकाठीच, वाराणसीपासून सुमारे ७५ किलोमीटरवर गाझीपूर येथे आणि दुसरा पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या नीमच येथे. तरीही देशातील असंख्य रुग्णांना मॉर्फिन मिळत नव्हते. यामागील प्रमुख कारण कायदेशीर होते. अमली पदार्थ व मनःप्रभावी पदार्थ कायदा, १९८५ अन्वये मॉर्फिन बाळगण्यासाठी रुग्णालयांना अनेक खात्यांचे परवाने घ्यावे लागत आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे होते. शिक्षेच्या धास्तीने औषध दुकाने व रुग्णालये ते ठेवीनाशी झाली. डॉक्टरांच्या एका पिढीला त्याचा वापर शिकण्याची संधीच मिळाली नाही.

२०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा नवा वर्ग निर्माण करून त्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे देण्यात आला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे या वर्गात अधिसूचित झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडील मान्यता पुरेशी ठरते. कायदा बदलला, परंतु प्रशिक्षण आणि मनातील भीती यांबाबतचे काम अद्याप शिल्लक आहे. गैरवापर रोखणे आणि गरजूला औषध मिळणे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साधावी लागतात. एकावर भर देताना दुसऱ्याचा बळी गेल्यास काय होते, याचा हा कायदा उत्तम वस्तुपाठ आहे.

सन्मानाने मृत्यूचा हक्क

परिहार सेवा आणि इच्छामरण यांत अनेकदा गल्लत केली जाते. परिहार सेवेचा उद्देश वेदना दूर करणे हा आहे, जीवन संपविणे हा नव्हे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणी मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट अटींवर निष्क्रिय इच्छामरणास, म्हणजे कृत्रिम जीवनाधार थांबविण्यास, तत्त्वतः मान्यता दिली. ‘कॉमन कॉज’ खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मृत्यू हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि वैद्यकीय इच्छापत्रास वैधता दिली. त्यासाठीची कार्यपद्धती अतिशय किचकट ठरल्याने जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुलभ केली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले इच्छापत्र आता ग्राह्य धरले जाते. प्राणघातक औषध देऊन जीवन संपविणे, म्हणजेच सक्रिय इच्छामरण, भारतात बेकायदेशीर आहे.

शोक : स्वरूप आणि शास्त्रीय दृष्टी

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार असे पाच टप्पे मांडले. ते मुळात मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेले होते. पुढे ते शोकग्रस्तांनाही सरसकट लावले गेले. प्रत्येक माणूस याच क्रमाने शोकातून जातो, असे मात्र संशोधनातून दिसून आलेले नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी मांडलेल्या दुहेरी प्रक्रियेच्या सिद्धान्तानुसार शोकग्रस्त व्यक्ती दोन दिशांमध्ये हेलकावे घेत असते. कधी ती गमावलेल्या माणसाच्या आठवणीत बुडते, तर कधी बँकेचे व्यवहार, मुलांची शाळा, नवे कामकाज अशा पुढील आयुष्याच्या मांडणीकडे वळते. हे हेलकावे नैसर्गिक असून त्यांतूनच माणूस सावरतो. चार दिवसांनी कोणी हसले म्हणून त्याला दुःख नाही असे होत नाही, आणि वर्षानंतर कोणी रडले म्हणून तो दुर्बल ठरत नाही.

बहुतेक लोक आप्तस्वकीयांच्या आधाराने कालांतराने सावरतात. काहींचा शोक मात्र दीर्घकाळ तीव्र राहून दैनंदिन जीवन ठप्प करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकार’ असे त्याचे स्वतंत्र निदान समाविष्ट आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा कालावधी विचारात घेतला जातो, आणि व्यक्तीच्या संस्कृतीत काय स्वाभाविक मानले जाते हेही पाहिले जाते. म्हणूनच शोककाळातील मदतीची रचना तीन स्तरांची असावी, असे तज्ज्ञ मानतात. सर्वांसाठी माहिती व आप्तेष्टांची सोबत, काहींसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक वा आधारगट आणि मोजक्यांसाठी मानसोपचार.

महाराष्ट्रातील लोकरीतींत पहिला स्तर पूर्वापार भक्कम आहे. ज्या घरात मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही, म्हणून सोयरे व शेजारी अन्न आणतात. त्यास कडू घास म्हणतात. समाचाराला जाणे, दुखवटा, दहावा ते तेरावा दिवस आणि वर्षश्राद्ध या सर्वांतून शोकाला वेळापत्रक मिळते आणि माणसांची ये-जा सुरू राहते. परंतु तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि घरातील रिकामपण त्यानंतरच जाणवू लागते. अनेक हॉस्पिस संस्था मृत्यूनंतर काही आठवड्यांनी कुटुंबाला फोन करतात किंवा घरी भेट देतात, त्यामागील कारण हेच होय.

लोकरीतींची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा शोकाकुल स्त्रीच्या दुःखात अपमानाची भर घालतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शोकग्रस्तांना आधार देण्याचे काम ग्रामसभाही करू शकते, हे या ठरावाने दाखवून दिले.

कुटुंबावरील भार आणि शासकीय आधार

दीर्घ आजार कुटुंबाला दोन वेळा ग्रासतो. आधी खर्चाने आणि नंतर मिळकत थांबल्याने. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या स्वतःच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत घटले असले, तरी हा भार लहान नाही. निष्फळ ठरणाऱ्या उपचारांसाठी जमीन वा दागिने विकले गेल्यास मृत्यूनंतर कुटुंबाच्या हाती केवळ कर्ज उरते. रुग्णाची स्थिती वेळीच व स्पष्टपणे सांगणे हे म्हणूनच डॉक्टरांचे नैतिक कर्तव्य ठरते. शुश्रूषेचा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. त्यासाठी मुलीची शाळा किंवा सुनेची मजुरी सुटते, आणि या श्रमांची कोठेही नोंद होत नाही.

मृत्यूनंतरचे पहिले प्रशासकीय काम म्हणजे नोंदणी. जन्म व मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करणे आवश्यक असते. मृत्यूचा दाखला नसल्यास वारसाहक्क, विमा, बँक खाते आणि निवृत्तिवेतन ही सर्व कामे अडतात. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कर्त्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास २० हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य मिळते. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचाही लाभ घेता येतो. या योजनांची माहिती नेमक्या वेळी देणे हाही शोककाळातील आधाराचाच भाग मानला पाहिजे. दुःखात असलेल्या कुटुंबाला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, ही प्रशासनाच्या संवेदनशीलतेची कसोटी आहे.

पुढील दिशा

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एक, परिहार सेवेचे केंद्र मोठे रुग्णालय नसून रुग्णाचे घर असले पाहिजे. त्यासाठी आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांना प्रशिक्षण हवे. दोन, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तोंडावाटे घ्यावयाचे मॉर्फिन नियमित उपलब्ध राहिले पाहिजे. तीन, वैद्यकीय व परिचर्या अभ्यासक्रमांत दुःखद वार्ता सांगण्याच्या कौशल्याला स्थान हवे. चार, शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना काही दिवसांची विश्रांती मिळावी, म्हणून अल्पकालीन निवासाची केंद्रे वाढली पाहिजेत. पाच, मृत्यूनंतरच्या काही महिन्यांत कुटुंबाची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाची, हे कार्यक्रमात स्पष्टपणे नमूद असावे.

यांपैकी बहुतेक गोष्टींना अवाढव्य खर्चाची आवश्यकता नाही. मॉर्फिनची गोळी महाग नाही आणि शेजाऱ्याने घरी येऊन बसण्यास पैसा लागत नाही. उणीव आहे ती नियोजनाची. काशीच्या परंपरेने माणसाला एकटे मरू देऊ नये हे शिकविले, तर आधुनिक वैद्यकाने त्याला वेदनेत मरू देऊ नये हे शिकविले. आरोग्यव्यवस्थेने ही दोन्ही सूत्रे स्वीकारली, तर जन्माच्या वेळी मिळणारी शासकीय सेवा जीवनाच्या दुसऱ्या टोकालाही तितक्याच विश्वासाने पोहोचू शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. परिहार सेवा आणि हॉस्पिस सेवा यांतील साम्य व भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. अमली पदार्थ व मनःप्रभावी पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीची पार्श्वभूमी व महत्त्व विशद करा.
३. अनुच्छेद २१ च्या संदर्भात सन्मानाने मृत्यूच्या हक्काविषयीच्या न्यायालयीन निर्णयांचा आढावा घ्या.
४. केरळमधील परिहार सेवेच्या अनुभवातून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांना काय घेता येईल? चर्चा करा.
५. शोकाकुल कुटुंबाला आधार देण्यात लोकरीती, ग्रामसभा आणि शासकीय योजना यांची भूमिका तपासा.